गुरुजींच्या टेकडीवरचा हायमास्ट

९ नोव्हेंबर २०२५

संघर्ष,

धर्मपाल गुरुजींची लेकरं आता दोघंच उरलो, तू आणि मी, आणि दोघांच्या छातीत एकच काटा आहे. बाबांनी टेकडीवर वेधशाळा उभी केली. जमीन आपली, भिंती आपल्या, आरसा त्यांनी स्वतःच्या हातानं घासलेला. पण शाळेच्या नावावर अनुदान आलं म्हणून दारावर नाव लागलं संस्थेचे अध्यक्ष सदाशिवराव यांच्या वडिलांचं. त्या गृहस्थांनी दुर्बिणीला एकदाच डोळा लावला होता, तोही फोटो काढण्यापुरता. हे तुलाही सलतं, मलाही सलतं. तेवढ्या नात्यानं जय भीम घालते. सप्रेम लिहिणार नाही, कारण मी संतापलेली आहे.

तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हे पोस्टानं येतंय. पाकीट न उघडता परत पाठवलंस तर दुसरं पाठवीन.

काल टेकडीवर जेसीबी चढला. घुमटापासून दहा पावलांवर त्यानं खड्डा खणला. मी धावत वर गेले. ठेकेदाराचा माणूस मोबाईलवर गाणी ऐकत उभा होता. मी विचारलं, हे काय चाललंय. तो म्हणाला सोळा दिव्यांचा उंच हायमास्ट बसतो आहे, आमदार निधीतून, आणि घुमटावर रंग बदलणारे दिवे, आणि खाली सेल्फीसाठी गावाच्या नावाची लाल अक्षरं. टेकडी आता क वर्ग पर्यटनस्थळ होणार. मी म्हटलं, अरे बाबा, ही वेधशाळा आहे, इथे रात्री तारे बघतात. तो माझी समजूत घालायला लागला.

"ताई, तुमी टेन्शन नोका घेऊ. असा लाइट मारून राह्यलो का तारे बी चांगले दिसतीन."

त्याच्यावर हसावं की त्याला मारावं हे कळेना. मग त्यानं कागद दाखवला. जमीनमालकाची संमती. खाली तुझी सही. आणि मथळ्यावर 'धर्मपाल गुरुजी स्मृती हायमास्ट'.

बाबांच्या नावानं बाबांचे डोळे फोडायचे, ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली? सदाशिवरावांच्या निघाली असती तर मी समजले असते. त्यांच्याकडून मला दुसरी अपेक्षाच नाही. पण सही तुझी आहे.

तुला आठवत नसेल तर सांगते. हंस राशीत एक चंचल तारा आहे. आठवडेच्या आठवडे तो इतका मंद असतो की दुर्बिणीतूनही डोळे ताणावे लागतात, आणि मग एकाएकी भडकतो. कधी भडकेल ते कुणालाच सांगता येत नाही, म्हणून आभाळ मोकळं असेल त्या प्रत्येक संध्याकाळी बघावं लागतं. जगभरातले हौशी लोक बघतात. एकाकडे ढग असतील तर दुसरा बघतो, आणि सगळ्यांच्या नोंदी जोडून त्या ताऱ्याचं आयुष्य लिहिलं जातं. हॅलेचा धूमकेतू आला त्या वर्षी बाबांनी पहिली नोंद पाठवली. ते गेल्यावर मी पाठवते. या साखळीत आपल्या गावाची कडी आहे. दिल्लीत बसलेल्या कुणी ती दिली नाही, सदाशिवरावांनीही दिली नाही. ती आपल्याला टेकडीवरच्या अंधारानं दिली. तो अंधार तू सही करून देऊन टाकलास.

जमिनीवर मीही वारस होते. सगळ्या बहिणी करतात तसं मीही हक्कसोड करून दिलं, तहसीलमध्ये तू समोर बसला होतास. ते टेकडी सांभाळण्यासाठी दिलं होतं.

संमती मागे घे.

जया


२२ नोव्हेंबर २०२५

संघर्ष,

दीपाचा फोन आला. नवऱ्याच्या माघारी नणंदेला फोन केला म्हणून तिला रागावू नकोस. घरात एक तरी माणूस दुसऱ्याचं ऐकून घेणारं असावं. तुझं म्हणणं तिनं जसंच्या तसं सांगितलं. पहिलं, की बाबांचं नाव वेधशाळेच्या दारावरच्या पाटीवर आलं असतं, पण मी गॅदरिंगमध्ये स्टेजवरून सदाशिवरावांना फाडून खाल्लं म्हणून गेलं. दुसरं, "अंधारात नाव कोण वाचते?"

पहिल्याचं उत्तर देत नाही. तू म्हणतोस माझ्या बोलण्यानं गेलं, मी म्हणते तुझ्या गप्प बसण्यानं गेलं. त्यावर आपण सहा वर्षं तोंड फिरवून बसलो आहोत, अजून सहा वर्षं बसू शकतो. दुसऱ्याचं उत्तर देते.

तुला नाव का हवं आहे ते मला ठाऊक आहे. तू दहा वर्षांचा होतास. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी ढग फाटले आणि धनु राशीत, जिथे काहीच नसायला हवं तिथे, बाबांना एक तारा दिसला. त्यांनी नकाशे तीनदा ताडून पाहिले. नवतारा. मेल्यासारखा पडलेला म्हातारा तारा शेजारच्या ताऱ्याच्या अंगावरचं द्रव्य खेचून घेतो आणि भडकतो, त्याला नवा म्हणतात. बाबा सायकल काढून बोरी अरबच्या पोस्टात गेले, तारेची खिडकी रात्री बंद व्हायच्या आत तार केली. दक्षिणेतल्या एका मोठ्या वेधशाळेला. पोळ्याच्या सकाळीच उलट तार आली: आमच्याकडे ढग आहेत, नेमकी जागा आणि तेज पुन्हा कळवा, ताबडतोब.

ती तार आणणारा उकंडा. त्याला इंग्रजी येत नव्हतं, पण तार म्हणजे काय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तार म्हणजे कुणीतरी गेलं. इतकी वर्षं त्यानं गावोगावी तारा पोचवल्या होत्या आणि बायांचा हंबरडा ऐकला होता. आपल्या गल्लीत तेव्हा काकांचे बैल धुतले जात होते, शिंगांना रंग लागत होता. आपल्याकडे पूजा नव्हती, पण बैल होते आणि पुरणही शिजत होतं. उकंडा गल्लीच्या तोंडाशी आला, त्यानं हे पाहिलं, आणि तार शर्टाच्या खिशात ठेवून माघारी गेला. सणाच्या दिवशी गुरुजींच्या दारात रडणं कशाला न्यायचं. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. तू आपला चाकांचा लाकडी बैल घेऊन घरोघर फिरत होतास. लेकराचा सण कशाला मोडायचा. तिसऱ्या दिवशी तो डोळे पुसत आला आणि म्हणाला, "गुरुजी, पयले बसून घ्या."

तोवर दूर देशातल्या एका हौशी माणसाची खबर पोचली होती. नाव त्याचं लागलं. त्यानं काही चोरलं नव्हतं, त्यालाही तो तारा स्वतःच्याच डोळ्यांनी दिसला होता.

बाबांनी तार वाचली आणि म्हणाले, "उकंडा, मेलं कोनी नाही. चाल, वर चाल." आणि त्याला टेकडीवर नेऊन तो तारा दाखवला. तू ओसरीत रडत बसला होतास. परत आल्यावर तुला म्हणाले, "कायले रडतं बे? तारा कोनाच्या बापाचा हाय काय?"

तू तेव्हा गप्प झालास, पण तुझं समाधान झालं नाही. पुढे शाळेच्या स्नेहसंमेलनात सदाशिवरावांनी माईकवरून हसत हसत सांगितलं की आमच्या मास्तरांचा तारा पोळ्याबरोबर फुटला. सगळी शाळा हसली. बाबा शेवटच्या रांगेत होते. तू पहिल्या रांगेत होतास. तुझे कान लाल झालेले मी पाहिले आहेत. म्हणून मला कळतं की दारव्हा रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक गाडीला ते नाव दिसावं असं तुला का वाटतं.

पण बाबांनी नाव गेल्यावर काय केलं? पुढच्या संध्याकाळी पुन्हा टेकडी चढले. आणि त्यांना हसणाऱ्या माणसाच्या तडजोडीतून आलेलं नाव तू खांबावर टांगणार. सदाशिवरावांनी तुला किती हुशारीनं गुंडाळलं ते बघ. दारावरची पाटी त्यांच्या वडिलांची तशीच राहिली. तुला मिळाला खांब. आणि त्या खांबानं आतली दुर्बीण आंधळी झाली की दारावर कुणाचं नाव आहे याला काही अर्थच उरत नाही.

तू पुण्यात राहतोस, म्हणून पुण्याचंच सांगते. तिथल्या विज्ञान महाविद्यालयात नायगमवाला नावाच्या प्राध्यापकानं देशातली एक उत्तम वेधशाळा चालवली. १९१२ मध्ये तो निवृत्त झाला आणि सरकारनं ती बंद करून सगळी उपकरणं कोडाईकनालला धाडून दिली. माणूस गेला की वेधशाळा गेली. हैदराबादच्या निझामियानं लाखो ताऱ्यांच्या जागा मोजल्या. मग शहर वाढलं, दिवे वाढले, आणि ज्योतिर्विदांना अंधार शोधत गावाबाहेर रंगापूरला जावं लागलं. शहराला निदान वाढण्याची सबब होती. आपल्या गावाला कोणती आहे? आणि बंगालमधल्या जेसोरच्या सरकारी खजिन्यात काम करणारे राधागोविंद चंद्र. पदवी नाही, काही नाही. १९१८ साली गरुड राशीत नवतारा पेटला तो त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी ओळखला, आणि पुढे तेज बदलणाऱ्या चल ताऱ्यांच्या हजारो नोंदी केल्या. त्या वाचून अमेरिकेतल्या हार्वर्डनं त्यांना दुर्बीण पाठवली. हायमास्ट नाही पाठवला, संघर्ष. दुर्बीण पाठवली.

बाबा या माणसांच्या रांगेतले. त्यांना चौकातल्या पुढाऱ्यांच्या रांगेत उभं करू नकोस.

जया


२१ डिसेंबर २०२५

संघर्ष,

काल चाचणी झाली. खांब आठवड्यापूर्वीच उभा राहिला होता, काल दिवेलागणीला त्यांनी खटका ओढला.

मी आत होते. परवाच्या नोंदीत आपला तारा किंचित वर सरकलेला वाटत होता. किंचित म्हणजे इतका, की दोनदा बघूनही मी स्वतःला बजावलं, जया, तुला वाटतंय. अमावास्येचं आभाळ, हवेत गारवा, धूळ बसलेली. बाबा म्हणायचे तसं आभाळ धुऊन वाळत घातलेलं. हंस पश्चिमेला कलला होता, तीन-चार तासांत मावळला असता. अंधाराची सवय व्हावी म्हणून मी डोळे मिटून बसले होते. आणि मिटलेल्या पापण्यांमधून गुलाबी उजेड आला.

घुमटाची फट आधी गुलाबी झाली, मग हिरवी, मग निळी. बाहेर टाळ्या वाजल्या. हायमास्टचा पांढरा उजेड फटीतून सरळ आरशावर आला. चाळीस वर्षांत त्या आरशानं असा उजेड पाहिला नव्हता. मी दुर्बिणीला डोळा लावला. नुसतं दूध. तारा नाही, शेजारचे तारे नाहीत, हंसाची मानसुद्धा नाही.

बाहेर आले तर लोक मोबाईल वर करून उभे होते. दिव्याभोवती किड्यांचा ढग. उपसरपंच माझ्याकडे येऊन म्हणाले, ताई, गुरुजींच्या डोळ्याचं पारणं फिटलं असतं. ते मनापासून बोलत होते. यातलं हेच मला सहन होत नाही. वेधशाळा कुणी द्वेषानं मोडत असेल तर मला लढता येतं. इथे सगळे कौतुकानं मोडत आहेत. त्या घुमटाची टोपी ज्या लोहारानं केली त्यानं उभ्या जन्मात धान्याच्या कोठ्यांची झाकणंच केली होती. तरी बाबांना काय हवं ते त्याला दोन दिवसांत कळलं. या शिकलेल्या लोकांना कळत नाही.

तारा भडकला की नाही? माहीत नाही. कालची नोंद मी रिकामी पाठवली. कारणाच्या जागी ढग लिहिता येतात, चंद्र लिहिता येतो. मी लिहिलं, 'दिवे'. ते वाचून कुणीतरी म्हणेल, अरेरे, ते गाव मोठं झालं वाटतं.

आता पुढचं ऐक. सव्वीस जानेवारीला सकाळी ग्रामसभेत ठराव होणार आणि संध्याकाळी आमदारांच्या हस्ते लोकार्पण. तोवर चाचणी म्हणून अधूनमधून लावतीलच. म्हणजे आपल्या हातात महिनाभर आहे.

मी इथे गप्प बसलेली नाही. मागच्या आठवड्यात समाजमंदिरात सभा घेतली. सभा झाली. लोक बोलले.

सही मागे घे.

जया


४ जानेवारी २०२६

संघर्ष,

दीपानं फोनवर विचारलं, "ताई, सभेत लोकं काय बोलले ते तुमी लिहिलंच नाही." तिनं विचारलं म्हणजे तू विचारलंस. म्हणजे तू पत्रं वाचतोस. मग ऐक.

मी तयारी करून गेले होते. नायगमवाला, निझामिया, सगळं तोंडपाठ. आरशावर हायमास्टचा उजेड कसा पडेल तेही टॉर्च लावून दाखवलं. चौदा एप्रिलला मी बोलते तेव्हा हीच वस्ती टाळ्यांनी मंडप उचलते. त्या दिवशी वीसेक बाया होत्या आणि एकही टाळी नाही. माझं संपल्यावर शकुबाई उभी राहिली. तू तिला ओळखतोस, शाळेत पोषण आहार शिजवायची. पदर खोचून उभी राहिली, तशी ती भांडी घासायलाही उभी राहते.

ती म्हणाली, "जयाताई, तुमाले तारे पाहाले अंधार पायजे, कबूल हाय. मंग आमाले पाय ठेवाले उजेड नोको काय? गंगीले वस्तीच्या रस्त्यावर साप चावला तवा तुमचे तारे कुठी होते?"

कुणीतरी म्हणालं, गप बस, ताई गुरुजींची लेक आहे. शकुबाई म्हणाली, म्हणूनच तिला सांगून राह्यली, दुसऱ्याला सांगून काय उपयोग.

गंगी तिची सून. पावसाळ्यात वावरातून येताना तिला साप चावला. वाचली. पाय अजून ओढत चालते. टेकडीच्या पायथ्यापासून वस्तीपर्यंत सहा खांब आहेत आणि एकावरही दिवा नाही. मी रोज त्याच रस्त्यानं टेकडीवर जाते, हातात बॅटरी घेऊन. बॅटरी पायापुढे, नजर वर.

मग बसंतीबाई म्हणाली की आम्ही टेकडीवर दिवा मागितलाच नव्हता. आम्ही ग्रामपंचायतीत दोनदा गेलो, रस्त्याला दिवे मागितले. सांगितलं, निधी नाही. आता टेकडीवर एवढा मोठा आला, तर त्याचा उजेड वस्तीवर थोडाबहुत तरी पडेल, म्हणून बाया गप्प आहेत. दुसरं काय करायचं?

हे ऐकल्यावर मला राग आला. तो पहिल्यापेक्षा मोठा होता, आणि त्याची दिशा आता बदलली होती. माणसं राहतात, लेकरं क्लासहून परत येतात, बाया पहाटे पाणी भरतात, तिथे दिव्याला निधी नाही. जिथे रात्री अंधाराशिवाय कशाचंच काम नाही, तिथे सोळा दिव्यांचं झुंबर. का? वस्तीतल्या दिव्याखाली आमदारांचा फोटो निघत नाही, म्हणून. आणि वस्ती आपली आहे, म्हणून. हे दोन्ही म्हण.

बाबा हे सगळं आधीच करून बसले होते, संघर्ष. तू तेव्हा नुकता चालायला लागला होतास. वस्तीत एकही दिवा नव्हता. सवर्णांच्या आळीतला शेवटचा खांब आणि आपला पहिला उंबरा यांच्यामध्ये गुरं जमवायचं अख्खं गोठाण होतं. बाबांनी अर्ज केले, यवतमाळला खेटे घातले, कलेक्टर कचेरीच्या पायरीवर दिवसभर बसले. दिवा आला. बायांनी खांबाला हळदीकुंकू लावलं, बाबा ओरडले, मग स्वतःच हसले. आणि आठवड्यानं घुमटाच्या त्याच लोहाराकडून पत्र्याची टोपी करून आणून त्यांनी दिव्यावर बसवली. लोकांनी विचारलं, गुरुजी, आणलेला दिवा झाकता कशाला? ते म्हणाले, "झाकत नाही. खाली वळवून राह्यलो. आपन खाली चालतो, वर कोन चालते?"

रस्ता पहिल्यापेक्षा जास्त उजळला आणि टेकडी काळीच राहिली. पुढे तो दिवा जळाला, आणि पंचायतीनं दुसरा बसवला नाही. एकाच माणसानं वस्तीसाठी उजेड भांडून आणला आणि टेकडीसाठी अंधार राखला, आणि दोन्हींत त्याला काहीच विसंगत वाटलं नाही. मला मात्र टॉर्च घेऊन सभेत भाषण ठोकावं लागलं आणि शकुबाईचा मार खावा लागला.

म्हणून माझी मागणी बदलली आहे. मी आता दिवा नको म्हणत नाही. दिवे वस्तीच्या रस्त्यावर हवेत, सहाच्या सहा खांबांवर, टोपी घातलेले.

शकुबाई आणि मी उद्या सरपंचांकडे जातो आहोत.

जया


१५ जानेवारी २०२६

संघर्ष,

सरपंचांना भेटलो. आम्ही अकरा बाया. त्यांनी चहा पाजला आणि हात वर केले. काम 'स्मृतिस्थळ' म्हणून मंजूर आहे, ते म्हणाले. कुटुंबाची इच्छा आहे. जमीनमालकाची संमती आहे. आम्ही कोण मोडणारे?

मी सदाशिवरावांकडे गेले. हो, गेले. सहा वर्षांनी त्यांच्या ओसरीवर बसले. त्यांनी गोड हसून सांगितलं, "जयाबाई, आमी तं तुमच्या भावाच्या शब्दाबाहेर नाही." मी ठेकेदाराला फोन केला. तोही म्हणाला, मालकाची सही आहे.

बघ, काय झालंय. आमदार, अध्यक्ष, सरपंच, ठेकेदार, सगळे एका पुण्यातल्या इंजिनिअरच्या सहीआड उभे आहेत. ज्या माणसांनी आपल्या बापाला शेवटच्या रांगेत बसवलं, त्यांना लपायला बापाच्याच लेकाची पाठ मिळाली.

सरपंच मुद्द्याचं एकच बोलले, तेही शकुबाईनं दारात अडवल्यावर. जमीनमालकानं ग्रामसभेत स्वतः उभं राहून संमती मागे घेतली तर टेकडीवरचं काम थांबतं. मग तोच निधी वस्तीच्या रस्त्यावर वळवायचा ठराव ग्रामसभा करू शकते, आणि तसा ठराव आला तर ते आडवे येणार नाहीत. कागद पाठवून चालणार नाही. कागद गहाळ होतात, हे त्यांनीच सांगितलं. किती प्रामाणिक माणूस.

आता तुला कडू वाटेल ते सांगते. तसं झालं तर नाव जाईल. रस्त्यावरच्या दिव्यांना स्मृती वगैरे काही नसतं, ते दिवे असतात, त्यांच्यावर नंबर असतो. धर्मपाल गुरुजी ही अक्षरं कुठेच लागणार नाहीत. दारावर सदाशिवरावांचे वडील राहतील. दारव्हा रस्त्यावरून जाणाऱ्या कुठल्याही गाडीला काही दिसणार नाही. दीपा सांगत होती की तू त्या खांबाचं चित्र मोबाईलवर ठेवलं आहेस आणि मुलीला दाखवलंस, हे बघ, आजोबांचं नाव. त्या मुलीला तू काय सांगशील हे मला ठाऊक नाही. ते उत्तर माझ्याकडे नाही, आणि असल्यासारखं दाखवणारही नाही. तुला फार जड जाणार आहे. मलाही जातं. त्या नावासाठी मी तुझ्याइतकीच भांडले आहे, तुझ्यापेक्षा मोठ्या आवाजात भांडले आहे.

पण मी शकुबाईच्या घरी गेले होते. गंगी चुलीपुढे बसली होती, पाय लांब करून. तिला मी विचारलं, टेकडीवर गुरुजींच्या नावाचा दिवा लागला तर तुला बरं वाटेल का. ती म्हणाली, लागू द्या ना ताई, चांगलंच हाय. मग चुलीतलं लाकूड आत सारत म्हणाली, "पन तो आमच्या रस्त्यावर नाही येत. मी पाहिलं. चाचनीच्या दिवशी घराच्या मांगून लई लख्ख दिसला, अन् रस्त्यावर घराची सावलीच पडली. पयलेपेक्षा जास्त अंधार."

तू इंजिनिअर आहेस. हे तुला कागदावर रेषा मारून कळायला हवं होतं. पाय ओढत चालणाऱ्या बाईनं ते अंगणात उभं राहून पाहिलं.

मी खूप बोलले. चार पत्रांत तुझ्यावर ओरडले आणि पाचव्यातही ओरडते आहे. माझं ओरडणं तुला नवं नाही. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस. घरी यायचं नसेल तर येऊ नकोस, दीपाच्या मामाकडे उतर, मी वाटेत आडवी येणार नाही. ग्रामसभेत तोंडही फिरव माझ्याकडून. त्यानं माझं काही बिघडत नाही.

सव्वीस जानेवारी, सोमवार. झेंडावंदन झालं की शाळेच्या पटांगणात ग्रामसभा बसते. हायमास्टचा विषय ठरावांत पहिलाच आहे, कारण त्यांना तो घाईत उरकायचा आहे. बाया शाळेच्या भिंतीकडे बसतील, पुढे आम्हाला कुणी बसू देत नाही. तू पुढे बस. विषय पुकारला की हात वर कर. उभा राहा. नाव सांग, धर्मपाल गुरुजींचा मुलगा संघर्ष, टेकडीचा जमीनमालक. आणि सगळ्यांसमोर, माईकवर, एवढंच म्हण की टेकडीवरच्या खांबाला दिलेली संमती मी मागे घेतो.

पुढचं आम्ही बाया बघून घेऊ. ये, संघर्ष, आणि सही मागे घे.

जया